घोट्याचा काळा डाग, मिरजेचं ड्रेसिंग आणि दाबाचे मोजे: तीन वर्षांच्या वापरानंतर

लिहायचंय पायाला दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल, पण सुरुवात माझ्या डाव्या घोट्यापासून करते. हे मोजे कुणी घ्यावेत आणि कुणी हातही लावू नये, हे त्या घोट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

सांगलीत गावभागात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला कणीक मळायला घ्यायची, सात ते दीड तव्यापुढे. रोज साडेतीनशे पोळ्या तरी होतात, सणावाराला पाचशेच्या वर. मदतीला दोघी आहेत, पण लाटणं आणि तवा माझ्याकडेच. बावीस वर्षं हे सगळं कडप्प्याच्या ओट्यापुढे उभं राहून चाललंय.

धाकट्याच्या वेळी, १९९८ साली, डाव्या पोटरीवर हिरव्या-निळ्या नसा वर आल्या. आईच्या पायांवरही तशाच होत्या, म्हणून 'आपल्या घरात असतातच' असं म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी पाय भरून यायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे. तेल चोळायचं, पायाखाली उशी घ्यायची आणि झोपायचं. वीस वर्षं असंच गेलं.

मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या दुकानात छातीएवढं होतं. ओसरल्यावर आठ दिवस आम्ही गाळ उपसत होतो. त्यानंतर डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला खाज सुटली. त्या दिवसांत गल्लीत प्रत्येकाच्या पायाला चिखल्या झाल्या होत्या, माझंही तसंच असणार असं मी धरून चालले. औषधाच्या दुकानात पाय दाखवला. नायटा आहे म्हणून एक ट्यूब मिळाली. चार दिवसांत खाज गेली, पंधरा दिवसांत परत आली. परत ट्यूब. असं करत अडीच वर्षं मी ती ट्यूब लावली. तेवढ्यात घोट्यावरची कातडी आधी लाल, मग तपकिरी, मग जांभळट काळी झाली. कागदासारखी पातळ आणि चकचकीत दिसायची, आणि तिच्याखालचा भाग मात्र लाकडासारखा टणक. घोट्याच्या वर पाय आवळल्यासारखा बारीक आणि पोटरी फुगलेली.

२०२२ च्या जूनमध्ये गॅसच्या सिलिंडरची कड तिथंच लागली. टाचणीच्या डोक्याएवढं खरचटलं असेल. आठवड्याभरात त्याची रुपयाएवढी जखम झाली आणि ती भरेना. पिवळं पाणी सुटायचं, संध्याकाळपर्यंत परकराची कड ओली. हळद लावली, पावडर लावली, एक अँटिबायोटिकचं मलम लावलं. त्या मलमानं जखमेच्या भोवती वीतभर पुरळ उठलं आणि तेही पाझरायला लागलं. दोन ठिकाणी साखर तपासून घेतली, साखर नाही. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. आमच्या ह्यांनी तर मला पोळ्या बंद कर म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी मी खरोखर रडले. दुकान बंद ठेवायचं म्हणजे दोन बायकांचाही पगार बंद.

चार महिन्यांत पाच जणांनी माझा पाय पाहिला असेल. सगळ्यांनी मला खुर्चीत बसवून किंवा टेबलावर झोपवून पाहिला. ऑक्टोबरात सुनेनं सांगलीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "काकू, त्या लाकडी पायरीवर जरा उभ्या राहा. साडी गुडघ्यापर्यंत घ्या. दोन मिनिटं काही बोलू नका." मी उभी राहिले. बघता बघता पोटरीवरच्या नसा अशा भरल्या की सुनेनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरबाईंनी गुडघ्याच्या आतल्या बाजूपासून बोट खाली ओढत आणलं, नसेच्या वळणावळणानं, आणि ते थेट जखमेपाशी येऊन थांबलं. "ही जखम कातडीची नाही. या नसेची आहे," म्हणाल्या.

नुसतं उभं केलं एवढंच. झोपलं की त्या नसा रिकाम्या होतात आणि दिसेनाशा होतात. माझं दुखणं उभं राहिल्यावरचं, आणि तपासणी मात्र प्रत्येक वेळी आडवी झाली. हे वाचणाऱ्या कुणाच्याही घोट्याला आतल्या अंगाला खाज, काळा डाग किंवा न भरणारी जखम असेल, तर आधी उभं राहून आरशात पोटरी बघा, आणि डॉक्टरांनी उभं केलं नाही तर तुम्हीच म्हणा, "मी उभी राहते, एकदा बघा."

ट्यूबचा डबा मी नेलाच होता. त्यांनी वाचून सांगितलं: यात बुरशीचं औषध आहे, जंतूंचं आहे आणि स्टिरॉइड आहे. खाज जायची ती स्टिरॉइडनं, कारण तो नायटा नव्हताच, नसेमुळे झालेला इसब होता. स्टिरॉइड वाईट म्हणून नव्हे, त्यांनी स्वतःसुद्धा मला एक दिलं, पण दिवसातून एकदा, जखमेवर नाही, भोवतीच्या इसबावर, आणि दोन आठवड्यांत बंद. दुकानातून आणून अडीच वर्षं लावण्यानं कातडी पातळ झाली होती, म्हणून सिलिंडरच्या एवढ्याशा धक्क्यानं ती फाटली. आणि ते पुरळ? मलमाची अॅलर्जी. अशा पायांची कातडी मलमांना फार लवकर रुसते, म्हणून जखमेवर जितकं कमी लावाल तितकं चांगलं, हे त्यांचं सांगणं. त्यांनी मिरजेच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरसाहेबांनी १८९४ साली तिथं इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून कोकणातली, कर्नाटकातली माणसं उपचाराला तिथंच येतात. मी गेले त्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. माझ्या एका पायावरून कुणी तिथं धावत जाऊ नये, आपल्या गावाजवळ रक्तवाहिन्यांचा सर्जन कोण आहे ते शोधावं.

पहिल्या दिवशी डॉपलर झाली, म्हणजे नसांतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी. तीही उभ्यानं. पायाला थंड जेल लावून तपासनीस ताई पोटरी दाबायच्या आणि सोडायच्या. दाबली की मशीनमधून 'हूश्श' असा आवाज, म्हणजे रक्त वर गेलं. सोडल्यावर गप्प व्हायला हवं. रक्त खाली परतू नये म्हणून नसेत झडपा असतात, त्या मिटायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये म्हणतात. माझ्या पायात सोडल्यावर पुन्हा लांबच लांब 'हूश्शऽऽ' येत राहिलं, तीन सेकंद. वर गेलेलं रक्त परत खाली येताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. घोट्याच्या आतून मांडीच्या सांध्यापर्यंत जाणारी जी लांब नस असते, तिच्या झडपा निकामी झाल्या होत्या. उजवा पाय ठीक होता. आत खोल नसांमध्ये गुठळी नाही, हेही त्यातच बघितलं.

सर्जनसाहेबांनी सांगितलेलं मला पुराच्या भाषेत कळलं. आमच्या दुकानाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा रंग दिला तरी खालून दिसते. पाणी वाहून गेलं तर रेघ राहत नाही. साचून राहिलं की गाळ बसतो. घोट्यापाशी रक्त असं साचतं, दाबानं बारीक नसांतून बाहेर झिरपतं, आणि त्यातलं लोह कातडीत बसतं. काळा डाग म्हणजे तो गाळ. तिथली कातडी उपाशी राहते, आधी खाजते, मग टणक होते, मग फाटते. पोटरीचा स्नायू चालताना पंपासारखं रक्त वर ढकलतो, पण मी चालत नव्हते, एका जागी उभी होते.

आता उपचारांकडे येते. माझ्या मते सगळ्यांत मोठं काम केलं ते पट्टीनं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पट्टी बांधायच्या आधी सिस्टरनी दंडाचा आणि घोट्याचा, दोन्हीकडचा बीपी घेतला, घोट्याचा एका छोट्या पेनासारख्या डॉपलरनं ऐकून. पायात शुद्ध रक्त नीट येतंय ना, हे बघण्यासाठी. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा, तो जवळपास १ यावा. ०.८ च्या खाली आला तर असा घट्ट दाब देत नाहीत, पायाला रक्तच कमी पडून भलतंच व्हायचं. माझा १ च्या जरा वर आला. हे तपासल्याशिवाय कुणीही घट्ट पट्टी बांधत असेल तर बांधून घेऊ नका. साखरेचा आजार असेल, बिड्या-सिगरेटी असतील, चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर तपासल्याशिवाय मुळीच नको.

जखम त्यांनी साध्या कोमट पाण्यानं धुतली. लाल नाही, जांभळं नाही, कुठलंही रंगीत औषध नाही. मेणाची जाळी ठेवली, आजूबाजूच्या कोरड्या कातडीवर व्हॅसलीनसारखं पांढरं मलम. मग पट्टीचे चार थर. पहिला कापसाचा, मऊ, घोट्याच्या खळग्यांत जास्त भरून. दुसरा साध्या क्रेपचा. तिसरा ताणाचा, आकड्यातल्या आठसारखा फिरवून. चौथा स्वतःलाच चिकटणारा. बोटांच्या मुळापासून सुरू, टाच झाकून, गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा. सिस्टर बांधताना बोलत नव्हत्या, ओठ मिटून एकाच ताणानं हात फिरत होता, पोळी लाटताना कड जाड राहू नये म्हणून आपला हात कसा एकसारखा फिरतो तसा. दाब घोट्याशी जास्त आणि वर जाताना कमी व्हायला हवा. उलटं झालं तर रक्त खालीच अडकतं. मी घरी जून ते ऑक्टोबर क्रेप बँडेज बांधायची ते बरोबर उलटं होतं, घोट्याला सैल आणि पोटरीला गच्च.

पहिली रात्र जड गेली. पाय ओझ्यासारखा वाटला. सिस्टरनी बजावलं होतं की बोटं निळी पडली, गार लागली किंवा ठणका वाढला तर तशीच कात्रीनं कापून काढायची, पट्टीच्या पैशांकडे बघायचं नाही. तसं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा पाय इतका उतरला होता की मला माझा घोटा दिसला. हाड दिसलं. किती वर्षांनी दिसलं कोण जाणे. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मी सांगली-मिरज बसनं जायची. एका वेळचे साडेचारशे रुपये. एकदाही पट्टी सुटली नाही, सरकली नाही. त्या सिस्टरांच्या हातासाठी पाचपैकी पाच, आणि हॉस्पिटलनं त्यांना चांगला पगार द्यावा ही मनापासून इच्छा.

निकामी नस लेझरनं बंद करायचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं. मला वाटत होतं, आधी जखम भरेल मग ऑपरेशन. साहेब म्हणाले, थांबायचं नाही. इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली छापून आलाय. नसेचा उपचार लवकर केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. दोन्हीकडे पट्टी होतीच. हे आकडे त्यांनी कागदावर लिहून दिले, तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

प्रत्यक्ष लेझरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भूल पूर्ण नव्हती, मी जागी होते. गुडघ्याजवळून एक बारीक तार नसेत घातली. मग मांडीभर नसेच्या बाजूनं सुया टोचून गार पाणी आणि बधिर करायचं औषध भरलं. त्या दहा-बारा सुया खऱ्या दुखल्या, हे मी लपवणार नाही. पुढचं लेझर दुखलं नाही, तोंडात क्षणभर कडवट चव आली एवढंच. नस आतून भाजून बंद करतात, काढत नाहीत. रक्त मग चांगल्या नसांतून वाट काढतं. पाऊण तासात सगळं उरकलं आणि लगेच अर्धा तास वरांड्यात चालायला लावलं, गुठळी होऊ नये म्हणून. संध्याकाळी घरी. दोन आठवडे मांडीच्या आत सुतळी ओढल्यासारखं वाटत होतं आणि निळे-पिवळे डाग होते. आठव्या दिवशी परत डॉपलर, नस बंद. डाव्या पायाचे एकूण ६८ हजार झाले. विम्यातून ५४ हजार मिळाले, पण 'हे दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन आहे' असं म्हणून कंपनीनं आधी नाकारलं होतं. जखमेचे फोटो, डॉपलर आणि सर्जनचं पत्र पाठवल्यावर मान्य केलं. पॉलिसी आधीच बघून ठेवा, बऱ्याच पॉलिसींत या आजाराला दोन वर्षं थांबावं लागतं.

फेब्रुवारीत उरलेल्या लहान नसांसाठी फेसाचं इंजेक्शन झालं. साहेबांनी दोन सिरिंज जोडून औषध आणि हवा एकीतून दुसरीत वीसेक वेळा ढकलली, तर दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस तयार झाला. तो टोचला. दुखलं नाही, पण तिथं तपकिरी रेघा उमटल्या, त्या पुसट व्हायला वर्ष लागलं. ज्यांना पाय सुंदर दिसावेत म्हणून हे करायचंय, त्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

जखम १२ जानेवारी २०२३ ला पूर्ण भरली. त्याच दिवशी सिस्टरनी मोज्यांची चिठ्ठी हातात दिली. "काकू, पट्टी सुटली, दाब नाही सुटला."

तर मोजे. मी तीन प्रकारचे वापरले.

पहिला, पट्टीच्याही आधी, औषधाच्या दुकानातला नळीसारखा लवचिक मोजा, 'सगळ्यांना बसतो' असं लिहिलेला, २२० रुपयांना. बसला सगळ्यांना असेल, दाब कुणालाच देत नसणार. दुपारपर्यंत घोट्याशी गोळा व्हायचा आणि ती वळकटी कातडीत रुतायची. माझ्या जखमेच्या वरच्या कडेचा ओरखडा तिनंच केला असं मला वाटतं. शून्य.

दुसरा मुलानं ऑनलाइन मागवला. चांगल्या कापडाचा होता, पण माझ्या चपलेच्या मापावरून घेतलेला. पायाचं माप आणि पोटरीचं माप यांचा काही संबंध नसतो. पोटरीला इतका घट्ट की संध्याकाळी काढल्यावर गुडघ्याखाली खोल वळ. आणि डब्यावर 'क्लास दोन' लिहिलेलं, दाब मात्र १८ ते २४. साहेबांनी सांगितला होता तो २३ ते ३२. पुढे तिसरा जोड ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदारानं समजावलं की ब्रिटिश पद्धतीचा क्लास दोन वेगळा, जर्मन पद्धतीचा वेगळा. म्हणून डब्यावर क्लासचा आकडा बघू नका, पाऱ्याचे किती मिलिमीटर ते बघा. तो जोड परत गेला नाही, माळ्यावर आहे.

तिसरा, जो आजही वापरते, तो सांगलीतल्या एका सर्जिकलच्या दुकानातून. दुकानदार तरुण आहे. फोनवरच म्हणाला, "मावशी, सकाळी उठल्या उठल्या या, पाय सुजायच्या आत. दहानंतर मी माप घेत नाही." मी आठला गेले. त्यानं टेपनं घोट्याच्या सगळ्यांत बारीक जागी माप घेतलं, २३ सेंटिमीटर. पोटरीच्या सगळ्यांत जाड जागी, ३७. आणि जमिनीपासून गुडघ्याच्या घडीपर्यंतची उंची. तिन्ही वहीत लिहिली. गुडघ्याखालचा, बोटं उघडी असलेला, कातडीच्या रंगाचा जोड, २४५० रुपये. बोटं उघडी असलेल्या मोज्याला डावं-उजवं नसतं, आणि मला एकाच पायाला लागतो. म्हणजे एका डब्यात मला आलटून-पालटून दोन मोजे मिळाले. हे त्यानंच सांगितलं, दोन जोड विकता आले असते तरी. दुकानाला पाच.

मोज्याला पाचपैकी चार. एक का कापला ते सांगते.

घालणं हे काम आहे. पहिल्या आठवड्यात मला पंधरा मिनिटं लागायची, घाम फुटायचा. नंतर जमलं: मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत, टाच बरोबर टाचेवर, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळहातानं वर सारत न्यायचा. वरची कड धरून ओढायचं नाही, त्यानं कडेला दुहेरी दाब बसतो आणि मोजा फाटतो. डब्यात एक गुळगुळीत कापडाची पिशवी येते, ती पावलावर चढवून वरून मोजा सरकवला की सोपं जातं, आणि मग बोटांकडून पिशवी ओढून घ्यायची. आता तीन मिनिटं लागतात. ज्यांच्या हातांची बोटं आखडलेली आहेत त्यांना मात्र हे एकट्यानं जमणार नाही, घरातल्या कुणीतरी शिकून घ्यावं लागेल.

आणि जोडवी. याबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझ्या जोडव्याच्या टोकाला मोज्याचा धागा अडकला आणि पावलावर उभी रेघ निघाली. आता मी मोजा घालायच्या आधी जोडवी काढून देव्हाऱ्याच्या कडेला ठेवते, मोजा चढला की पुन्हा घालते. सासूबाईंना हे आवडणार नाही असं वाटलं होतं. त्यांनी पाय बघितला होता, त्या म्हणाल्या, "आधी पाय, मग जोडवी." टाचेच्या भेगाही तशाच, प्युमिस दगडानं घासून गुळगुळीत ठेवते.

उन्हाळा हा दुसरा मोठा त्रास. एप्रिल-मेत सांगलीत पारा चाळीसच्या घरात आणि वर तव्याची धग. दुपारी मोजा चिकट होतो. मी त्या दोन महिन्यांत साडेबाराला दहा मिनिटं बसते, पाय वर करते, मोज्यावरूनच ओल्या पंच्यानं पुसून पंख्यापुढे धरते. काढत नाही, कारण एकदा काढला की पाय लगेच सुजतो आणि मग तो परत चढत नाही. ज्या दिवशी कंटाळून घातला नाही, त्या संध्याकाळी घोटा पुन्हा भरलेला असतो आणि रात्री खाज. असं तीन वर्षांत चार-पाच वेळा झालंय.

रोज हातानं धुते, साध्या साबणाच्या पाण्यात, पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत सुकवते. घोट्याला लावायचं मलम रात्री मोजा काढल्यावर. सकाळी तेल-मलम लावून मोजा चढवला तर रबर लवकर सैल पडतं. सहा-सात महिन्यांत जोड ढिला होतो, सहज चढायला लागला की समजायचं त्याचा दाब गेला. मग नवा. आता पाचवा जोड चालू आहे, आणि प्रत्येक वेळी तो मुलगा नव्यानं माप घेतो.

कामाच्या जागेतही बदल केला. उंच स्टूल आणलं, लाटण्याचं काम बसून करते, तव्यापाशी तेवढी उभी. ओट्याखाली एक पाट ठेवलाय, त्यावर पाय आलटून-पालटून. दर वीस पोळ्यांनी टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. दुकानातल्या दोघीही आता करतात. दुपारी जेवणानंतर अर्धा तास पाय छातीच्या वर येतील असे उशांवर. नुसत्या खुर्चीवर ठेवलेले पाय पुरत नाहीत.

डाग गेला नाही. साहेबांनी आधीच सांगितलं होतं की तो जाणार नाही, फिका होईल. जखमेच्या जागी पांढरट, खोलगट खूण आहे, तिच्याभोवती तपकिरी. टणकपणा बराच सैल झाला, कातडी आता चिमटीत येते. खाज नाही. गोळे नाहीत. 'पाय पूर्ववत होतो' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, निदान माझ्या पायापुरतं.

दिवाळीला चुलत सासूबाई आल्या होत्या. त्यांचेही पाय सुजतात. माझा जुना जोड मागत होत्या. साखर आहे त्यांना पंधरा वर्षं, आणि बाजारातून येताना दोनदा थांबावं लागतं. मी जोड दिला नाही. वाईट वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसनं मिरजेला नेलं आणि सिस्टरांना घोट्याचा बीपी घ्यायला लावला. ०.६ आला. मोजे नाही, त्यांना आता वेगळीच औषधं चालू आहेत आणि रोज चालायला सांगितलंय.

शेवटी एक गोष्ट सिस्टरनी शिकवली तीही इथंच लिहून ठेवते, कारण आमच्या गल्लीत एका आजींच्या बाबतीत ती उपयोगी पडली. फुगलेली नस फुटून रक्त वाहायला लागलं तर उभं राहायचं नाही, खुर्चीतही बसायचं नाही. जमिनीवर आडवं व्हायचं, पाय उंच करायचा आणि स्वच्छ कापडानं त्याच जागी दहा मिनिटं दाबून धरायचं. वर मांडीला दोरी किंवा रुमाल आवळायचा नाही. आजींच्या घरी सगळे त्यांना खुर्चीत बसवून रुमाल आवळत होते, फरशीवर रक्ताचं थारोळं झालं होतं. आडवं केलं, पाय भिंतीला टेकवून वर केला, दाबलं. बघता बघता थांबलं. त्यांचीही पुढच्या बुधवारी डॉपलर आहे, आणि मापाला सकाळी आठला जायचं हे मी त्यांच्या सुनेला सांगून ठेवलंय.